झाडांचा पत्ता शोधणारे हंबोल्ट



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले. वर्गातल्या बहुतेकांनी आपल्या देशातली माणसे घेतली. मी जर्मनीचे अलेक्झांडर फॉन हंबोल्ट यांना घेतले. नाव जरा अवघड आहे. पण ज्यांना झाडे आणि डोंगर आवडतात त्यांना हे चरित्र आवडेल. आणि ज्यांच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहत नाही त्यांनी तर जरूर वाचावे. का ते पुढे कळेल.

आमच्या वर्गाच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे. त्यात दक्षिण अमेरिका खंड आहे. तो गाजरासारखा दिसतो, वर जाड आणि खाली निमुळता. त्याच्या डाव्या कडेने वरून खालपर्यंत अँडीज नावाची डोंगररांग गेली आहे. या खंडात कुठे घनदाट जंगल आहे, कुठे नुसते गवत आहे, तर कुठे वाळवंट आहे. कोणते झाड कुठे उगवते आणि ते तिथेच का उगवते, हे हंबोल्ट यांनी पायी फिरून, मोजमाप करून शोधले आणि एका चित्रात मांडले. माणसाला जसा पत्ता असतो तसा झाडालाही पत्ता असतो, हे त्यांनी दाखवले. म्हणून त्यांना वनस्पती-भूगोलाचे जनक म्हणतात.

लहानपण

हंबोल्ट यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिन शहरात झाला. तेव्हा पुण्यात थोरले माधवराव पेशवे होते. म्हणजे केवढी जुनी गोष्ट आहे बघा.

वडील सैन्यात अधिकारी होते. अलेक्झांडर नऊ वर्षांचा असतानाच ते वारले. म्हणजे तो माझ्याहूनही एक वर्षाने लहान होता. मागे आई आणि दोन भाऊ राहिले. थोरल्या भावाचे नाव विल्हेल्म. हा विल्हेल्म पुढे भाषांचा मोठा पंडित झाला. त्याने संस्कृत शिकून भगवद्गीतेवर व्याख्याने दिली.

घर श्रीमंत होते. टेगेल नावाच्या ठिकाणी त्यांचा मोठा वाडा होता, भोवती झाडी होती. मुले शाळेत जात नसत, मास्तर घरी येऊन शिकवत. विल्हेल्म अभ्यासात हुशार. अलेक्झांडरचे मात्र पुस्तकात मन लागत नसे. तो रानात फिरायचा आणि खिसे भरून पाने, किडे, शिंपले, दगड घरी आणायचा. आणलेल्या वस्तू नीट लावून त्यांवर नावे लिहायचा. घरातले लोक त्याला थट्टेने छोटा औषधवाला म्हणत. पण त्याने वस्तू गोळा करणे सोडले नाही. मला हे फार आवडलं.

त्याची आई कडक होती. मुलाने सरकारी अधिकारी व्हावे असे तिला वाटे. अलेक्झांडरला तर दूरदूरच्या देशात जायचे होते. पण त्याने आईचे ऐकले.

खाणीतली नोकरी

वयाच्या अठरा-एकोणीसाव्या वर्षी त्यांना विल्डेनॉव नावाचे मित्र भेटले. ते वनस्पतींचे जाणकार होते. त्यांच्याकडून हंबोल्ट झाडे ओळखायला शिकले. नंतर १७९० साली फोर्स्टर या मित्राबरोबर ते इंग्लंडला जाऊन आले. फोर्स्टर हे कॅप्टन कुक यांच्या जहाजातून पृथ्वीला फेरी मारून आलेले होते. त्यांच्या तोंडून समुद्राच्या गोष्टी ऐकून हंबोल्ट यांची प्रवासाची ओढ आणखीनच वाढली.

१७९२ साली ते खाणींचे सरकारी अधिकारी झाले. खाणीत खोल अंधारात मजूर काम करत. त्यांना लिहिता-वाचता येत नसे. खाणीतली हवा कधी कधी इतकी वाईट होई की दिवे विझत आणि माणसे गुदमरत. हंबोल्ट यांनी १७९३ साली खाणकामगारांसाठी शाळा काढली. तीही स्वतःच्या पैशाने. मग त्यांनी वाईट हवेत न विझणारा दिवा तयार केला. तो चालतो की नाही हे पाहायला ते स्वतः खाणीत उतरले आणि बेशुद्ध पडले. त्यांना ओढून बाहेर काढावे लागले. दिवा मात्र जळतच होता! मजुराला आत पाठवून मजा बघत ते वर उभे राहिले नाहीत.

खाणीत खाली उजेड नसतो, तरी तिथे बुरशीसारख्या वनस्पती वाढतात. हंबोल्ट यांनी त्यांवरही पुस्तक लिहिले.

प्रवासाला निघाले

१७९६ साली आई वारली. हंबोल्ट यांच्या वाट्याला पुष्कळ पैसा आला. त्यांनी वाडा बांधला नाही, जमीन घेतली नाही. नोकरी सोडली आणि सगळा पैसा प्रवासाला लावायचे ठरवले.

पॅरिसमध्ये त्यांना एमे बाँप्लाँ नावाचे फ्रेंच डॉक्टर भेटले. त्यांनाही झाडांचे वेड होते. दोघांची गट्टी जमली. त्या वेळी दक्षिण अमेरिकेचा मोठा भाग स्पेनच्या राजाच्या ताब्यात होता आणि परक्या माणसाला तिकडे सहसा जाऊ देत नसत. हे दोघे स्पेनला गेले आणि राजाकडून परवानगीचा कागद मिळवला. ५ जून १७९९ रोजी त्यांचे जहाज निघाले.

त्यांनी बरोबर चाळीसहून जास्त यंत्रे घेतली होती. थंडी-ऊन मोजायचे यंत्र, हवेतला ओलावा मोजायचे यंत्र, आकाश किती निळे आहे ते मोजायचेसुद्धा यंत्र! सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हवेचा दाब मोजायचे यंत्र. त्यात काचेची नळी असते आणि नळीत पारा असतो. आपण डोंगरावर जसजसे वर जातो तसतशी हवा विरळ होते आणि नळीतला पारा खाली येतो. पारा किती उतरला यावरून आपण किती उंच आलो ते काढता येते. काचेचे यंत्र असल्यामुळे ते फार जपून न्यावे लागे.

वाटेत टेनेरिफ बेटावर जहाज थांबले. तिथे तेइदे नावाचा ३७१५ मीटर उंच ज्वालामुखी आहे. हंबोल्ट लगेच तो चढायला गेले. खाली द्राक्षांचे मळे होते. वर गेल्यावर मोठ्या पानांची झाडे लागली, त्याच्या वर पाइन, त्याच्या वर झुडपे, आणि मग गवत. जणू डोंगराने पाच रंगांचे पट्टे असलेले कापड अंगाला गुंडाळले होते. असे पट्टे का पडतात, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला. पुढची पाच वर्षे ते त्याचेच उत्तर शोधत होते.

आटलेले तळे

१६ जुलै १७९९ रोजी ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, कुमाना गावी उतरले. हा भाग आता व्हेनेझुएला देशात आहे. सगळेच नवीन! नवी झाडे, नवे पक्षी, नवी फुले. आधी काय बघू आणि काय नको असे दोघांना होऊन गेले. पण तिथेच त्यांनी एक वाईट गोष्टही पाहिली. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा बाजार तिथे भरत असे. जनावरांसारखे त्यांचे दात बघून त्यांना विकत घेत. हंबोल्ट यांना याचा फार संताप आला. सर्व माणसे सारखी आहेत असे ते जन्मभर सांगत आणि लिहीत राहिले.

१८०० साली ते व्हॅलेन्सिया नावाच्या तळ्याजवळ आले. तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार होती की तळे दरवर्षी आटत चालले आहे. पूर्वी जी बेटे होती त्यांच्या आता टेकड्या झाल्या होत्या. कुणी म्हणे पाणी जमिनीखालच्या भोकातून वाहून जाते. हंबोल्ट यांनी नीट पाहणी केली. त्यांना दिसले की तळ्याभोवतीच्या डोंगरांवरचे जंगल लोकांनी शेतीसाठी तोडले आहे, आणि ओढ्यांचे पाणी निळीच्या शेताकडे वळवले आहे. झाडे असतात तेव्हा सावली असते, ओलावा राहतो आणि पाऊस हळूहळू मुरतो. झाडे गेली की पाऊस पडल्याबरोबर पाणी लोंढ्याने वाहून जाते आणि माती पण घेऊन जाते. मग झरे आटतात. सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्यांनी हे लिहून ठेवले आहे. हे वाचून मला आमच्या विहिरीची आठवण झाली.

गवताचा समुद्र आणि नदीचे जंगल

तिथून पुढे यानोस नावाचे मोठे सपाट माळ लागले. जिकडे बघावे तिकडे गवतच गवत. उन्हाने तोंड भाजायचे, धुळीने डोळे भरायचे. त्या गवतात मधूनच एक जातीचे ताडासारखे झाड दिसे, त्याला मोरिचे म्हणतात. हंबोल्ट यांना दिसले की जिथे हे झाड आहे तिथे खाली ओल आहे. पक्षी त्याची फळे खातात. सावलीत किडे-मुंग्या राहतात. माणसेही त्याचे फळ खातात आणि धाग्याच्या दोऱ्या वळतात. एका झाडावर केवढे गोकुळ! एक झाड गेले तर बाकी सगळ्यांचे हाल होतील हे त्यांनी ओळखले.

मग ते ओरिनोको नदीवर आले. नदीतून लाकडाच्या होडीने सुमारे ७५ दिवस प्रवास केला. दोन हजार किलोमीटरहून जास्त. दोन्ही बाजूंना इतके दाट जंगल की आत ऊन शिरत नाही. नदीत मगरी, काठावर वाघासारखे जग्वार आणि अंगावर डासांचे ढग. बोलायला तोंड उघडले तरी डास आत जायचे. ओल्या हवेत गोळा केलेली झाडे वाळत नसत, सडून जात. तिथले लोक डासांपासून वाचायला भट्टीसारख्या बंद खोलीत धूर करून राहत. बाँप्लाँ अशा खोलीत घामाघूम होऊन बसत आणि झाडे वाळवत. केवढी ही चिकाटी!

या प्रवासातली मला आवडलेली एक गोष्ट सांगतो. जंगलातले आदिवासी लोक झाडाची साल चावून पाहत आणि हे कोणते झाड आहे ते सांगत. हंबोल्ट यांनीही साली चावून पाहिल्या, पण त्यांना सगळ्या सारख्याच लागल्या. एवढे मोठे विद्वान, पण त्यांनी ही गोष्ट लपवली नाही. तिथल्या लोकांना जंगल आपल्यापेक्षा जास्त कळते हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. त्यांच्याकडून झाडांची नावे आणि उपयोग ते विचारून घेत.

आणखी एक शहाणपण त्यांनी केले. वाळवलेल्या झाडांचे वेगवेगळे भाग करून ते वेगवेगळ्या जहाजांनी युरोपात पाठवले. त्यातला एक भाग जहाजाबरोबर समुद्रात बुडाला. पण बाकीचे वाचले.

चिंबोराझो

नंतर ते क्युबा बेटावर गेले आणि पुन्हा खंडावर येऊन अँडीज डोंगर चढू लागले. चिखलाच्या, अरुंद, कड्यावरच्या वाटा. पाठीवर यंत्रे. १८०२ साली ते क्विटो शहरात पोचले. हे शहर आता इक्वेडोर देशात आहे. त्याच्या दक्षिणेला चिंबोराझो नावाचा पर्वत आहे. तेव्हा लोक त्याला जगातला सर्वांत उंच पर्वत समजत. त्याची उंची ६२६३ मीटर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर. म्हणजे जवळजवळ चार कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर एक चिंबोराझो होतो!

२३ जून १८०२ रोजी हंबोल्ट, बाँप्लाँ आणि क्विटोचे तरुण मित्र कार्लोस मोंतुफार निघाले. बर्फ लागल्यावर ओझी वाहणारे बहुतेक लोक मागे फिरले. वाट हातभर रुंद, दोन्ही बाजूंना खोल दरी. धुक्यात पुढचे दिसेना. दगडांनी हात-पाय सोलून निघाले. हवा विरळ, म्हणून श्वास पुरेना, चक्कर येई आणि हिरड्यांतून रक्त येई. तरी थोडे चढले की ते यंत्र काढत आणि उंची लिहून ठेवत. शेवटी एक मोठी भेग आडवी आली. पुढे जाणे शक्य नव्हते. त्यांच्या मोजणीप्रमाणे ते सुमारे ५८८० मीटर उंचीवर होते. इतक्या उंच डोंगरावर चढल्याची नोंद त्याआधी कुणाची नव्हती.

शिखर काही गाठता आले नाही. पण त्यांना पाहिजे होते ते मिळाले. समुद्रापासून बर्फापर्यंत कोणते झाड किती उंचीवर सुरू होते आणि किती उंचीवर संपते, याचे आकडे त्यांच्या वहीत जमा झाले होते.

एका डोंगरात सगळे जग

१८०३ साली ग्वायाकिल नावाच्या बंदरात बसून त्यांनी एका चित्राचा कच्चा आराखडा काढला. तेच चित्र १८०७ साली पॅरिसमध्ये त्यांच्या वनस्पती-भूगोलाच्या पुस्तकाबरोबर छापले गेले. ते सुमारे तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद आहे. गुरुजींनी आम्हाला ते त्यांच्या मोबाईलवर मोठे करून दाखवले.

चित्रात चिंबोराझो डोंगर कलिंगडासारखा मधोमध कापून दाखवला आहे. कापलेल्या भागावर त्या त्या उंचीवर उगवणाऱ्या झाडांची नावे बारीक अक्षरात लिहिली आहेत. अगदी खाली, समुद्रापासून सुमारे १००० मीटरपर्यंत, ताड-माड आणि केळीच्या जातीची झाडे. त्याच्या वर झाडाएवढे उंच नेचे आणि सिंकोना. मग ओकची झाडे. मग झुडपे आणि थंडीत तग धरणारी फुलझाडे. ४१०० ते ४६०० मीटरपर्यंत फक्त गवत. त्याच्या वर खडकाला चिकटलेले दगडफूल. आणि ४८०० मीटरच्या वर कायमचा बर्फ.

डोंगराच्या दोन्ही बाजूंना आकड्यांचे रकाने आहेत. त्या उंचीवर किती थंडी असते, हवेचा दाब किती असतो, पाणी किती उष्णतेला उकळते, कोणती पिके येतात, हे सगळे तिथे लिहिले आहे. म्हणजे डोंगरावर बोट ठेवायचे आणि बोट सरळ बाजूला न्यायचे, की त्या झाडाचा पूर्ण पत्ता कळतो. पुस्तकभर लिहिले तर लोक कंटाळतील, पण चित्र एका नजरेत समजते. आपल्या भित्तिपत्रकासारखेच की!

यातून एक मोठी गोष्ट समजली. विषुववृत्तावरचा उंच डोंगर पायथ्यापासून शिखरापर्यंत चढणे म्हणजे जणू गरम देशापासून ध्रुवापर्यंत चालत जाण्यासारखे आहे. जसजसे वर जावे तसतशी थंडी वाढते आणि झाडे बदलतात. पण नुसती उंची पुरत नाही. पेरू देशाचा किनारा समुद्राला लागून आहे, तरी तिथे वाळवंट आहे. हंबोल्ट यांनी तिथल्या समुद्रात थर्मामीटर घालून पाहिले तर पाणी थंडगार! थंड पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे तिथे पाऊस फार कमी पडतो. त्या थंड प्रवाहाला आज हंबोल्ट प्रवाह म्हणतात. म्हणून झाडाचा पत्ता लिहायचा तर उंची, थंडी, पाऊस, वारा आणि माती सगळेच बघावे लागते.

याचा उपयोग काय, असे कुणी विचारील. सिंकोनाच्या सालीपासून कोयनेल, म्हणजे हिवतापाचे औषध करतात. हे झाड मूळचे अँडीज डोंगरातले. १८६० च्या सुमारास त्याची रोपे आणि बिया भारतात आणल्या. त्या कुठेही लावल्या नाहीत. अँडीजसारखी थंड आणि ओलसर हवा कुठे आहे ते बघून दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरात लावल्या. म्हणून त्या जगल्या. झाडाचा पत्ता बरोबर असला की झाड जगते.

परत आल्यावर

मेक्सिकोत एक वर्ष राहून आणि अमेरिकेचे अध्यक्ष जेफरसन यांना भेटून हंबोल्ट ऑगस्ट १८०४ मध्ये युरोपात परत आले. पाच वर्षांत ते पायी, घोड्यावर आणि होडीतून साडेनऊ हजार किलोमीटरहून जास्त फिरले होते. त्यांनी आणि बाँप्लाँ यांनी सुमारे ६०,००० वाळवलेले नमुने आणले. मग जवळजवळ तीस वर्षे त्यावर पुस्तके निघत राहिली. चित्रे छापायला इतका खर्च आला की आईकडून मिळालेला सगळा पैसा संपून गेला.

१८१७ साली त्यांनी सारख्या उष्णतेची गावे रेघेने जोडली. अशा रेघांना समताप रेषा म्हणतात. आता हवामानाच्या नकाशात त्या असतात.

त्यांना आपल्या देशातही यायचे होते! हिमालय चढून तिथली झाडे अँडीजच्या झाडांशी ताडून पाहायची होती. तेव्हा भारतात ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य पसरत होते. १८१४ ते १८१८ या काळात हंबोल्ट यांनी लंडनला खेटे घातले, पण कंपनीने परवानगी दिली नाही. गोऱ्या राज्यकर्त्यांनी दुसऱ्या देशातल्या लोकांवर केलेल्या जुलमाबद्दल ते उघड लिहीत, म्हणून ते कंपनीला नको होते असे म्हणतात. मला याचे फार वाईट वाटले. ते हिमालयाचे तसेच चित्र काढू शकले असते.

पण त्यांनी दुसऱ्यांना वाट दाखवली. जोसेफ हूकर हे तरुण इंग्रज शास्त्रज्ञ त्यांना भेटले होते. ते १८४८ पासून हिमालयात फिरले आणि पुढे त्यांनी भारतातल्या झाडांची मोठी पुस्तके लिहिली. १९०४ साली हूकर यांनी भारत आणि आजूबाजूच्या देशांचे झाडांप्रमाणे नऊ विभाग पाडले. त्यात आपले कोकण आणि सह्याद्री मलबार विभागात येतात, आणि आपला देशावरचा कोरडा भाग दख्खन विभागात. म्हणजे आमच्या गावाचाही पत्ता त्यात लागला! चार्ल्स डार्विन हेही हंबोल्ट यांचे पुस्तक बरोबर घेऊनच जहाजावर चढले होते.

१८२९ साली हंबोल्ट रशियात गेले आणि पंधरा हजार किलोमीटरहून जास्त प्रवास केला. त्या प्रवासात त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली. म्हातारपणी त्यांनी सगळ्या विश्वाची माहिती देणारा कॉसमॉस हा मोठा ग्रंथ लिहायला घेतला. त्याचा पहिला भाग १८४५ मध्ये निघाला. ६ मे १८५९ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. टेगेलला, जिथे ते लहानपणी पाने गोळा करत होते, तिथेच त्यांना पुरले. त्यांनी लग्न केले नव्हते. पैसा उरला नव्हता. पण नाव जगभर राहिले.

आमच्या डोंगराचे चित्र

हे चरित्र वाचून मी आणि माझे आजोबा आमच्या गावाच्या डोंगरावर गेलो. आमच्याकडे काचेचे यंत्र नाही. म्हणून मी पावले मोजली. ओढ्यापासून माथ्यापर्यंत ११६० पावले झाली. आजोबा झाडांची नावे सांगत होते आणि मी वहीत लिहीत होतो. ओढ्याच्या काठाला करंज, जांभूळ, उंबर. थोडे वर बाभूळ आणि कडुनिंब. मधल्या मुरमावर बोर आणि पळस. माथ्यावर नुसती कुसळे आणि थोडा निवडुंग. गुरुजी म्हणाले की आपला डोंगर लहान आहे, त्यामुळे वर गेल्यावर थंडी फारशी बदलत नाही. पण माती पातळ होते आणि पाणी थांबत नाही, म्हणून झाडे बदलतात. माझे चित्र खाली चिकटवले आहे. डोंगर कलिंगडासारखा कापून दाखवला आहे.

आजोबा सांगतात की त्यांच्या लहानपणी मधल्या भागात धावडा आणि खैर होता, आणि ओढ्याला होळीपर्यंत पाणी असायचं. आता दिवाळी झाली की ओढा कोरडा. मार्चपासून टँकरची वाट बघावी लागते. मला लगेच ते व्हॅलेन्सियाचे तळे आठवले.

पालकहो, येत्या जूनमध्ये शाळेने आणि गावाने मिळून डोंगरावर झाडे लावायचे ठरवले आहे. रोपे कोणती आणायची ते अजून ठरलेले नाही. दिसायला चांगली म्हणून कोणतीही रोपे आणली आणि त्यांचा पत्ता चुकला तर ती उन्हाळ्यात वाळून जातील. पाणी तर आम्ही मुलांनीच कळशीने वर न्यायचे आहे. म्हणून चित्राखाली मी एक कोरा कागद लावला आहे आणि दोऱ्याला पेन्सिल बांधली आहे. पूर्वी आपल्या डोंगरावर कोणते झाड कुठे होते, ते ज्यांना आठवत असेल त्यांनी त्यावर लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मला सांगावे, मी लिहून घेईन. हंबोल्टसुद्धा तिथल्या लोकांना विचारूनच लिहीत होते.

अशा या थोर शास्त्रज्ञाला माझे वंदन.

इयत्ता चौथी